बागेत वानर मेलेलं सापडलं, काजू वेचायचे कसे?

प्रश्न : काजूच्या बागेत मेलेलं वानर सापडलं. माकडतापाच्या धास्तीने माणसं कामाला येत नाहीत. वानर पुरून टाकलं तर धोका टळेल का? आणि गुरांचं काय? (एक बागायतदार, दोडामार्ग)

उत्तर : पुरायची घाई नको. माकडताप हा विषाणूचा आजार, त्याने वानरंही मरतात. माणसाला तो लागतो गोचीड चावल्याने. वानराचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या सुक्या पाल्यात शिरतात. वानर हलवलं तरी त्या तिथेच असतात. आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. त्या जागेभोवती साधारण ५० फुटांपर्यंत मॅलॅथिऑन (कीटकनाशक) पावडर मारतात. तोवर तिथले काजू पडून राहिले तरी चालतील.

चावतं ते बहुधा गोचिडीचं बारीक पिल्लू, पटकन नजरेला न दिसणारं. त्यांचा सुळसुळाट डिसेंबर ते मे, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या टोकावर किंवा पातेऱ्यात दबा धरून असते. त्यामुळे जमिनीवर बसून काजू वेचणं सगळ्यात धोक्याचं. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पँट मोज्यात खोचा, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल लावा. घरी आल्यावर कपडे कढत पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा. काखा, जांघा, कानांमागे बघा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा चटका नको, बोटांनी चिरडणं तर मुळीच नको.

गुरं या तापाने सहसा आजारी पडत नाहीत. पण मोठ्या गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसतात आणि मग ढिगाने अंडी घालतात. गुरांच्या गोचिडींवर पशुवैद्यकाकडून औषध घ्या, आणि यंदा बागेतला पातेरा गोठ्यात अंथरू नका.

चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी-ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं सुरू झालं तर बागेत काम करता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर साधा ताप म्हणून गोळ्या मिळतील. रक्ताची आरटी-पीसीआर तपासणी पहिल्या आठवड्यातच व्हावी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका. या आजारात रक्तस्राव होऊ शकतो. काहींना बरं वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप उलटतो, तेव्हा बरळणं, हात थरथरणं दिसतं. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठा. घरच्यांनी मात्र रुग्णाला वेगळं टाकू नये, माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही.