जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर झालास? आधी घरच्यांशी बोल

पहिले सहा महिने तुझे नाहीत, हे आईबाबांना आत्ताच सांगून ठेव. फोन उचलला नाही तर काळजी करू नका, ऑपरेशन थिएटरमध्ये असेन म्हणावं. मी सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला इमर्जन्सी ड्यूटी लागली आणि वर्षभर टोमणे ऐकले.

कागदावर नियम बरे आहेत. २०२३ च्या वैद्यकीय पदव्युत्तर (पीजी) नियमावलीत वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आणि आठवड्याला एक सुट्टी आहे. सुट्टीला मात्र कामाच्या निकडीचं शेपूट जोडलेलं. म्हणून रजा मागायची ती ड्यूटीचा तक्ता लागण्याआधी, बदली कोण येणार हे स्वतः ठरवून. दिवाळीत सहकाऱ्याची ड्यूटी घे, तुझ्या लग्नाच्या आठवड्यात तो तुझा वॉर्ड सांभाळेल.

थीसिसला असा विषय निवड, ज्याचे रुग्ण तुझ्याच ओपीडीत रोज येतात. दुर्मीळ आजार घेणारे तिसऱ्या वर्षी केसेस शोधत फिरतात. पीजीत जिल्हा रुग्णालयात सक्तीने काढायचे ३ महिने त्या मानाने निवांत जातात; झोप, घर, जोडीदार, सगळी उधारी तेव्हा फेड. आणि नाइटनंतर बाईक चालवत घरी जाऊ नकोस रे. रिक्षा कर.