इटालियन शब्दात आघात कुठल्या अक्षरावर येतो, हे कसं ओळखायचं?

बहुतेक शब्दांत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, त्यामुळे नवा शब्द दिसला की आधी तोच अंदाज धरा: आमीको (मित्र) मध्ये 'मी', फिनेस्त्रा (खिडकी) मध्ये 'ने'. शेवटच्या अक्षरावर आघात असेल तर त्या स्वरावर चिन्ह लिहावंच लागतं, उदा. चित्ता (शहर), पेर्के (का). खरी अडचण शेवटून तिसऱ्या अक्षराची, कारण तिथे सहसा चिन्ह लिहीत नाहीत: तावोलो (टेबल), नापोली, मोदेना (दोन्ही शहरं), सगळ्यांत पहिल्या अक्षरावर जोर.

याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथला नियम आपल्या लघु-गुरूसारखा: शेवटून दुसरं अक्षर गुरू तर आघात त्यावर, लघु तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. इटालियनमध्ये स्वरांचा तो ऱ्हस्व-दीर्घ भेद गेला, आघात मात्र बहुधा जागच्या जागी राहिला. म्हणून आज नुसत्या लेखनावरून तो कळत नाही.

प्रत्यय मात्र भरवशाचे असतात, ते आधी पाठ करा:
- नात्सियोने (राष्ट्र): 'यो'
- नात्सियोनाले (राष्ट्रीय): 'ना'
- नात्सियोनालिता (राष्ट्रीयत्व): 'ता'

क्रियापदांत सावध राहा. पार्ला (तो बोलतो) चं अनेकवचन पार्लानो (ते बोलतात), पण आघात 'पार'वरच राहतो. तेलेफोनानो (ते फोन करतात) मध्ये तर तो शेवटून चौथ्या अक्षरावर, 'ले'वर जातो. आंकोरा 'आं'वर जोर दिला तर नांगर, 'को'वर दिला तर 'अजून'. अशा जोड्यांसाठी आघात दाखवणारा शब्दकोशच पाहावा लागतो.