संकटात बँका हात आखडता का घेतात?

प्रश्न : २००८ च्या आर्थिक संकटात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बँकांना अमाप पैसा पुरवला, तरीही उद्योगांना कर्ज मिळेना, असे वाचले. मग बँकांनी तो पैसा दाबून ठेवला, असे म्हणायचे का?

उत्तर : तसे सरसकट म्हणता येणार नाही. बँक अल्प मुदतीने पैसा घेते आणि दीर्घ मुदतीने देते. एरवी हे निभते, कारण संध्याकाळी रोकड कमी पडली तर दुसरी बँक रात्रीपुरती उसनी देते. संकटाचा पहिला घाव या उसनवारीवरच बसतो. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतील मोठ्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर कोणाच्या हिशेबात किती बुडीत रोखे दडले आहेत, हे कोणालाच सांगता येईना. तीन महिन्यांसाठी एकमेकींना डॉलर देताना बँका जोखमीपोटी जो जादा दर लावत, तो पूर्वी ०.१ टक्क्याच्या आसपास असे. ऑक्टोबरमध्ये तो ३.५ टक्क्यांच्या वर गेला.

त्याच सुमारास कंपन्यांनी आधी मंजूर असलेल्या कर्जमर्यादेतून भराभर पैसे उचलले. त्यामुळे एकूण कर्जाचा आकडा काही काळ वाढलेला दिसला, प्रत्यक्षात नवी कर्जे मात्र आटत होती. केवळ एकूण आकडा पाहणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

बँकांची मध्यवर्ती बँकेतील शिल्लकही प्रचंड वाढली, परंतु ही रक्कम कर्ज दिल्याने व्यवस्थेतून कमी होत नाही, एका बँकेच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात जाते, म्हणून तेवढ्यावरून पैसा दाबून ठेवला असे ठरत नाही. खरी अडचण भांडवलाची, म्हणजे तोटा सोसणाऱ्या भागधारकांच्या स्वतःच्या पैशाची होती. रोख्यांवरील तोट्याने भांडवल खंगले, की त्याच्या प्रमाणात ठेवावा लागणारा कर्जांचा पसाराही आवरावा लागतो, मग तिजोरीत रोकड कितीही असो. म्हणूनच अमेरिकी सरकारने ऑक्टोबरमध्ये नऊ मोठ्या बँकांना १२५ अब्ज डॉलर कर्जाऊ न देता भागभांडवल म्हणून देण्याचे ठरवले, आणि माझ्या मते तो निर्णय योग्य होता.

या आवराआवरीत लहान उद्योजक सर्वाधिक भरडला जातो, याचे मला फार वाईट वाटते. मोठी कंपनी थेट बाजारात रोखे विकू शकते. लहान उद्योजकाचे मात्र एकाच बँकेत खाते असते आणि त्याची पत ताळेबंदापेक्षा शाखाधिकाऱ्याच्या अनेक वर्षांच्या ओळखीवर उभी असते. संकटकाळी मंजुरीचे अधिकार मुख्यालयाने स्वतःकडे घेतले, की अर्जासोबत ती ओळख वर जात नाही.