बेडकाचं पुढे काय झालं?

अगं लेखिकाबाई,

विज्ञान आणि श्रद्धा यांच्या अजब बातम्यांवरचा तुझा लेख काल रात्री वाचला, आज सकाळी चहा घेता घेता परत वाचला. हात छान चालतो तुझा, उगाच नावं ठेवत नाही, पण पाच बातम्यांत पाचही वेळा तू तेच केलंयस, म्हणजे आधी काहीतरी अजब सांगायचं, मग "बघा, श्रद्धाळू लोक कसे फसतात" असा टोमणा हाणायचा आणि लगेच पुढच्या बातमीवर उडी. टोमण्याला काही लागत नाही गं. मी तुझ्या वयाचा असताना हेच करायचो आणि स्वतःवर जाम खूश असायचो. जुनी कात्रणं काढून बघितली तर त्यात ठसका भरपूर आहे, माहिती शोधावी लागते.

तुझा देवकणाचा, म्हणजे हिग्ज बोसॉन या अतिसूक्ष्म कणाचा परिच्छेदच घे. तू लिहिलंयस की शास्त्रज्ञांनी पब्लिसिटीसाठी देवाचं नाव वापरलं. शास्त्रज्ञांनी म्हणजे नक्की कोणी? ते नाव आलं भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या 'द गॉड पार्टिकल' या पुस्तकाच्या शीर्षकावरून, आणि त्यात त्यांनीच सांगितलंय की 'गॉडडॅम पार्टिकल' हे नाव जास्त शोभलं असतं, कारण हा मेला सापडत नाही आणि खर्च मात्र चिक्कार करायला लावतो, पण प्रकाशक तयार होईना. थट्टेत का होईना, शिवीतलं 'डॅम' गळालं आणि मागे नुसता देव उरला! ज्यांच्या नावावर हा कण आहे ते भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज स्वतः नास्तिक, आणि त्यांना हे नाव अजिबात आवडायचं नाही, एक कारण म्हणजे श्रद्धा असलेल्या माणसांना ते लागेल असं त्यांना वाटायचं. आता सांग, यात तुझा टोमणा कुणाला मारशील? कण सापडल्याचं सर्नने, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने, ४ जुलै २०१२ ला जाहीर केलं, वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण १३३ पट. सगळीकडे एक हिग्ज क्षेत्र पसरलेलं आहे, इलेक्ट्रॉन आणि क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते कण) यांना त्यातून वस्तुमान मिळतं, आणि हा कण म्हणजे त्या क्षेत्रावर उठलेली लाट. हे दोन ओळीत लिही, देव आहे की नाही हा प्रश्न तिथे येतच नाही.

नटराजाचं मात्र तू अर्धवट सोडलंयस. सर्नच्या आवारात २ मीटर उंचीचा नटराज आहे, २००४ साली भारताने भेट दिलेला, कारण कणांचं सतत घडणं-मोडणं आणि शिवाचं तांडव ही तुलना बऱ्याच लोकांना भावलीये. तू लिहिलंस की तिथे नरबळी दिला जातो अशी अफवा अंधश्रद्धाळूंनी पसरवली. अगं पण अफवेला व्हिडिओ कुणी पुरवला? २०१६ मध्ये रात्रीच्या अंधारात काळे झगे घालून, त्याच मूर्तीसमोर एका बाईला भोसकल्याचं नाटक कुणीतरी केलं आणि ते शूट झालं, मग सर्नला सांगावं लागलं की हा थट्टेचा प्रकार होता, परवानगीशिवाय केलेला, आणि करणारे बाहेरचे नाहीत, आवारात ये-जा करायची मुभा असलेल्यांपैकीच कुणीतरी. म्हणजे चेष्टा कुंपणाच्या आतून सुरू झाली आणि नाव खराब झालं बाहेरच्यांचं. तुझ्या लेखातली सगळ्यात भारी बातमी ही होती, आणि तू ती एका ओळीत उरकलीस. (प्रतिपदार्थाच्या, म्हणजे साध्या पदार्थाला भिडला की दोघंही नष्ट होऊन ऊर्जा निघते त्या पदार्थाच्या, बॉम्बची तुझी ती थ्रिलरवाली गोष्ट काढून टाक, सर्नने आजवर बनवलेला सगळा प्रतिपदार्थ एकत्र केला तरी एक बल्ब काही मिनिटं पेटेल एवढीच ऊर्जा निघते, एवढं सांगितलं की विषय संपला.)

आता बिग बँग, म्हणजे विश्वाची सुरुवात एका अतिशय दाट, तापलेल्या अवस्थेतून झाली हा सिद्धांत. "चर्चने बिग बँगला विरोध केला" हे वाक्य आधी खोड. गॅलिलिओवरचा १६३३ चा खटला खराच झाला, तो तू आणलायस ते ठीक आहे, पण तोच साचा इथे बसत नाही. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू, पांढरी कॉलर घालून फिजिक्स शिकवणारा. आईनस्टाईन त्याला म्हणाला होता की तुझं गणित बरोबर आहे पण फिजिक्स भयानक आहे. विश्वाला सुरुवात असते ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांना तर बिलकूल पटत नव्हती, देवाधर्माशीही त्यांचं जमायचं नाही, आणि 'बिग बँग' हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये रेडिओवर बोलता बोलता दिलं. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात असा सूर लावला की विज्ञान आता सृष्टीच्या निर्मितीची साक्ष देतंय. खूश व्हायला हवं होतं ना लमेत्रने? तो अस्वस्थ झाला. सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्याला श्रद्धेचा टेकू बनवू नका असं त्याचं म्हणणं, आणि धर्मगुरू असूनही ते त्याने वरपर्यंत पोचवलं. मला या सगळ्या प्रकरणात हाच माणूस सगळ्यात जास्त आवडतो.

लाल पोलेंटाची गोष्ट तुझ्याकडे नाहीये, ती घाल. १८१९ चा उन्हाळा, इटलीत पाडुआजवळच्या एका गावात शेतकऱ्याच्या घरातला मक्याचा शिजवलेला लगदा रक्तासारखा लाल व्हायला लागला, लोक घाबरले, सैतानाचं काम म्हणाले. बार्तोलोमेओ बिझिओ नावाच्या औषधतज्ज्ञाने दमट उबेत तोच लगदा ठेवून तोच लाल रंग उगवून दाखवला. आपण आज त्याला सेराटिया नावाचा जिवाणू म्हणतो, आणि त्याच्या लाल रंगाचं नाव प्रोडिजिओसिन, म्हणजे चमत्कार नावातच शिल्लक राहिलाय. बाथरूमच्या टाइल्सच्या फटीत जो गुलाबीसर बुळबुळीत थर धरतो ना, तो बरेचदा हाच. मी दर पंधरा दिवसांनी ब्रशने घासतो, तो दर पंधरा दिवसांनी परत येतो. त्या घाबरलेल्या शेतकऱ्यांना मूर्ख म्हणायच्या आधी हे लक्षात घे की त्यांच्यासमोर अन्न खरंच लाल झालं होतं, त्यांनी जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं.

शेवटी बेडूक. भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांनी नेदरलँड्समध्ये १९९७ साली चुंबकीय क्षेत्रात बेडूक तरंगवला, त्याबद्दल २००० मध्ये इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं आणि २०१० मध्ये ग्राफिनसाठी, म्हणजे एकाच अणूच्या जाडीच्या कार्बनच्या थरासाठी, खरं नोबेल, हे तू नीट लिहिलंयस. पण तरंगला कसा? पाणी चुंबकाला अगदी किंचित दूर लोटतं, एरवी जाणवतही नाही इतकं. गाइमनी आधी त्या महागड्या चुंबकाच्या पोकळीत सरळ पाणी ओतलं आणि पाण्याचे गोळे तरंगायला लागले. बेडूक म्हणजे बहुतेक पाणीच. क्षेत्र सुमारे १६ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप), फ्रिजवर चिकटवतो त्या चुंबकाच्या हजारो पट, आणि पोकळी जेमतेम ३ सेंटीमीटर रुंद, म्हणून बेडूकही पिटुकला घेतला. इंग्लंडमधल्या एका पंथाच्या प्रमुखाने आपल्याला भक्तांसमोर तरंगवण्यासाठी १० लाख पौंड देऊ केले त्यावर तू पोट धरून हसलीस, हस, मी पण हसलो, पण त्या गृहस्थाला हा चमत्कार नाही, मशीन आहे, हे पक्कं कळलेलं होतं बरं का. तोच तर भाडं द्यायला निघाला होता.

आणि बेडूक? तो चुंबकात आरामात होता, प्रयोगानंतर जीवशास्त्र विभागातल्या आपल्या भाऊबंदांत परत गेला. हे तुझ्या लेखात कुठेच नाही, आणि वाचणारा पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

दुरुस्त करून रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका