आधी माणसं मोजा, मग गाडी ठरवा

मागच्या अंकात ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोबद्दल ओझरतं लिहिलं, आणि टपालाचा ढीग आला. बरीचशी पत्रं रागाची आहेत. त्यातल्या काहींची उत्तरं देते. ‘स्टेशन आमच्या सोसायटीच्या गेटासमोरच हवं’ आणि ‘स्टेशन आमच्या गेटासमोर अजिबात नको’ ही दोन पत्रं एकाच सोसायटीतून आली आहेत. त्यांनी आधी आपसात ठरवावं.

ताई, इकडे सगळे म्हणतात की ठाण्याला हलकी मेट्रो मिळत होती. स्वस्त होती, लवकर झाली असती. उगाच मोठी मेट्रो ओढून आणली. खरं आहे का? (एक वाचक, मानपाडा)

अर्धं खरं. मधल्या काळात हलक्या रेल्वेचा, म्हणजे मेट्रोपेक्षा लहान आणि हलक्या गाड्यांचा, आराखडा तयार झाला होता हे बरोबर. शेवटी ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने मंजूर केली ती पूर्ण मेट्रो: 29 किलोमीटर, 22 स्थानकं, 12,200 कोटी रुपये. 26 किलोमीटर खांबांवर, 3 किलोमीटर जमिनीखाली. किलोमीटरला सव्वाचारशे कोटींच्या आसपास गेलं. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, मान्य.

पण ‘हलकी म्हणजे स्वस्त’ हा हिशेब कुठे लागू होतो ते बघा. हलक्या रेल्वेची खरी बचत ती रस्त्याच्या पातळीवर धावते तेव्हा होते. खांब नाहीत, सरकते जिने नाहीत, स्थानक म्हणजे छप्पर घातलेला एक ओटा. तीच गाडी तुम्ही खांबांवर चढवलीत की पैसा पुन्हा खांब, गर्डर आणि स्थानकांच्या काँक्रीटमध्येच जातो. खांब थोडे बारीक होतात, स्थानकं आखूड होतात, एवढंच. आणि ठाण्याच्या त्या आराखड्यातही बहुतेक मार्ग वरूनच होता.

आता माणसांचा हिशेब. आमच्या वाहतूक नियोजनाच्या धंद्यात एकच प्रश्न आधी विचारतात: गर्दीच्या तासात, एका दिशेने, मार्गावरच्या सर्वांत भरलेल्या टप्प्यातून किती माणसं जाणार? केंद्राने 2019 मध्ये ‘मेट्रोलाइट’चे, म्हणजे हलक्या मेट्रोचे, निकष काढले, त्यात ही मर्यादा तासाला 15,000 धरली आहे. साधारण तीनशे माणसांची गाडी दर तीन मिनिटांनी सोडलीत तर तासाला वीस गाड्या, सहा हजार माणसं. पुण्याच्या मेट्रोची तीन डब्यांची गाडी 975 माणसं घेते. तेवढ्याच वीस गाड्या, साडेएकोणीस हजार.

या आकड्यांत एक गंमत लपलेली असते, ती कुणी सांगत नाही. उभ्या माणसांसाठी चौरस मीटरला किती जण धरायचे? युरोपात चार धरतात, आपल्याकडे सहा. आणि आपल्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चौदा ते सोळा उभे असतात, हे रेल्वेच्याच कागदावर आहे. म्हणजे परदेशी कंपनीच्या रंगीत पुस्तिकेतला क्षमतेचा आकडा ठाणेकरांसमोर ठेवायचा तर आधी विचारायचं, हा चारचा की सहाचा?

माझं मत विचाराल तर वागळे इस्टेट ते ठाणे स्टेशन हा टप्पा हलक्या गाडीला जड गेला असता. वॉटरफ्रंट, वाघबीळच्या बाजूला ती आरामात पुरली असती. वर्तुळाला एकच गाडी लावायची, तर सर्वांत भरलेल्या तुकड्याकडे बघून ठरवावं लागतं. त्यामुळे पूर्ण मेट्रोचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. मला काळजी वेगळीच आहे. मेट्रोतून उतरलेला माणूस लोकलच्या फलाटावर किती पायऱ्यांनंतर पोचतो, हे नकाशावर कुणी दाखवत नाही. सॅटिसवरून, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलावरून, फलाटावर जाणाऱ्याला विचारा.

आमच्या रस्त्याला पत्रे लावून वर्ष होत आलं. खणतात, बुजवतात, पुन्हा खणतात. खांब एकही नाही! नक्की चाललंय काय? (एक गृहिणी, बाळकुम)

बाई, तुमच्या रस्त्याखाली काय काय आहे त्याची यादी करू. जलवाहिनी, मलवाहिनी, पावसाळी गटार, विजेच्या केबल, गॅसची पाइपलाइन, इंटरनेटच्या तारा. प्रत्येकाचा मालक वेगळा, प्रत्येकाचा नकाशा वेगळा, आणि एकाचाही नकाशा जमिनीशी पूर्ण जुळत नाही. म्हणून जागोजागी चाचणी खड्डे घेतात. माझ्या नोकरीच्या काळातला एक प्रसंग, शहराचं नाव नको: मोठी जलवाहिनी कागदावर रस्त्याच्या डाव्या कडेला होती. खड्डा घेतला तर ती बरोबर दुभाजकाखाली, खांबाच्या जागी. पालिकेतले निवृत्त फिटर घरून बोलावून आणले. ते बघून म्हणाले, ‘ही तर आम्हीच वळवली होती, पुरात.’ कागद झालाच नव्हता.

त्यात तुमचं बाळकुम, कोलशेत म्हणजे खाडीकाठ. वर मऊ चिखलमाती, खाली कातळ, आणि तो कातळ कुठे किती खोल लागेल ते भोक पाडल्याशिवाय कळत नाही. म्हणून खांबागणिक माती तपासतात. ‘पुन्हा खणतात’ त्यातलं निम्मं हे असतं. उरलेल्या निम्म्यात समन्वयाचा अभाव असतो, त्याचं समर्थन मी करणार नाही. एकाने बुजवलेलं दुसऱ्याने आठवड्यात उकरणं याला तांत्रिक कारण काहीही नाही.

रस्त्यावरच्या रुळांना, म्हणजे ट्रामला, हे दुखणं जास्त भोवतं. खांबांसाठी ठरावीक अंतराने जागा मोकळी केली की भागतं. ट्रामच्या रुळांखाली मात्र सलग काँक्रीटची लादी असते, तिच्याखाली नंतर हात घालता येत नाही, त्यामुळे सगळ्या वाहिन्या मार्गभर आधीच हलवाव्या लागतात. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहराचं उदाहरण या क्षेत्रात शिकवतात. 54.5 कोटी पौंडांचं अंदाजपत्रक होतं. वाहिन्या हलवतानाच काम फुगलं, मग ठेकेदाराशी वाद, मधेच काम बंद. अखेर मे 2014 मध्ये ट्राम सुरू झाली तेव्हा खर्च 77.6 कोटींवर गेला होता, आणि मार्ग ठरल्यापेक्षा आखूड! उरलेला न्यूहेवनपर्यंतचा तुकडा 2023 मध्ये जोडला गेला. त्याच वर्षी चौकशीचा अहवालही आला.

तुम्ही एक करू शकता. वॉर्डाच्या बैठकीत ‘काम कधी संपणार’ असं विचारू नका, त्याला ठरलेलं उत्तर मिळतं. ‘आमच्या टप्प्यातल्या किती वाहिन्या हलवायच्या होत्या आणि किती हलवून झाल्या’ असं विचारा.

वडील मुंबईच्या ट्रामच्या गोष्टी सांगायचे. घोडबंदर रोडवर ट्राम का नाही? (एक वाचक, कासारवडवली)

मुंबईची ट्राम 1874 मध्ये घोड्यांनी सुरू झाली आणि 31 मार्च 1964 ला शेवटची धावली. तेव्हाच्या रस्त्यावर तिला वाट होती. घोडबंदरला गुजरातकडचे कंटेनर जातात. ट्रामला राखीव पट्टा दिला नाही तर ती ट्रेलरच्या मागे उभी राहणार, आणि दिला तर उरलेल्या रस्त्यात ट्रेलर उभे राहणार. तिथे वरून मेट्रो हेच बरं.

खारघरला मात्र माझा जीव तुटतो. रुंद, सरळ, नव्याने आखलेले रस्ते. ट्रामला याहून चांगली जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. तिथे बेलापूर ते पेंधर 11 किलोमीटरची मेट्रो खांबांवर बांधली. काम 2011 ला सुरू, गाडी 2023 च्या नोव्हेंबरात. असो.

हलकी रेल्वे आणली तर तिची मोनोरेल होणार नाही कशावरून? (एक वाचक, वाशी)

प्रश्न खवचट आहे, पण रास्त आहे. मुंबईच्या मोनोरेलचा एक आजार म्हणजे तिची तुळई आणि गाडी जोडीने येते, दुसऱ्या कुणाची गाडी आणून त्यावर चालवता येत नाही. गाड्या कमी पडल्या, सुटे भाग अडले. ऑगस्ट 2025 मधल्या पावसात लोकल बंद पडल्या, लोक मोनोकडे धावले, आणि 104 टनांसाठी बनवलेल्या गाडीत सुमारे 109 टन भार झाला. ती मधेच थांबली. पुढच्याच महिन्यात सेवा थांबवण्यात आली.

हलक्या रेल्वेला साधे, प्रमाणित मापाचे रूळ असतात, गाड्या कुठल्याही कारखान्याच्या चालतात. तरी गाफील राहू नये. इथिओपियात अदिस अबाबाला 2015 मध्ये 41 गाड्यांनिशी हलकी रेल्वे सुरू झाली. सुटे भाग आणि ते घ्यायला परकीय चलन नाही, म्हणून काही वर्षांत बहुतेक गाड्या डेपोत बसल्या. उद्घाटनाच्या जाहिरातीत गाड्यांची संख्या असते. देखभालीचा करार किती वर्षांचा आहे आणि सुटे भाग कुठे बनणार, हे निविदेच्या कागदात असतं. ते वाचावं.

मॅडम, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाहतूक नियोजनात यायचं आहे. कोणतं सॉफ्टवेअर शिकू? (एक विद्यार्थी, कळवा)

सॉफ्टवेअर नोकरीवर सहा महिन्यांत येतं. तू मित्राला घेऊन सकाळी आठ ते दहा कापूरबावडी नाक्यावर उभा राहा. एकाने टीएमटी आणि कंपन्यांच्या बस मोजायच्या, दुसऱ्याने शेअर रिक्षा आणि दुचाकी. वाहनं नाही, आतली माणसं. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना कर, पावसाचा दिवस आणि कोरडा दिवस वेगळा ठेव. बसमध्ये उभे किती ते बाहेरून अंदाजाने लिहायचं असतं, आणि सुरुवातीला तो अंदाज हमखास चुकतो. म्हणून त्यातल्या एका बसमध्ये चढून खरोखर मोज. तो तक्ता मला पाठव, तुझी बेरीज तपासून देते.