पहिली सही झाली, मग डोंगरावर लग्न लागलं की झालं का?

प्रश्न (पत्र लांब होतं, त्यातला गाभा देतो): मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय २८. मुलगा बेळगावचा, वय ३१. दोन्ही घरांची संमती आहे. आम्हाला हॉल, पाचशे पानं, बँड यातलं काही नको. मार्चमध्ये चोर्ला घाटाच्या माथ्यावर, एका नातेवाइकांच्या जागेत, सकाळच्या मुहूर्तावर लग्न लावायचं आहे. घरची अठरा माणसं, दोन्हीकडच्या आज्या आणि भटजी, बस्स. नागरी निबंधकाच्या कचेरीत लग्नाच्या नोंदणीची पहिली सही आम्ही केली आहे, दुसरी फिरून आल्यावर सवडीने करणार. पण धाकटे काका बिथरले आहेत. देवळात किंवा हॉलमध्ये न लागलेलं लग्न कोर्टात टिकत नाही, मी हरकत घेईन, असं म्हणतात. भटजी म्हणतात, मी लग्नाचा दाखला देतो, काळजी करू नका. खरं कुणाचं?

उत्तर: दोघांचंही नाही. तुमच्या बेतात डोंगर, पहाट किंवा अठरा माणसं यातलं काहीच अडचणीचं नाही. अडचण आहे ती ‘दुसरी सही सवडीने’ या तीन शब्दांत. तुमच्या पत्रात ती अगदी सहज येऊन गेली आहे, म्हणून आधी तीच घेतो.

गोव्यात हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू नाही. इथं लग्न हा नागरी करार आहे. १९१० सालच्या पोर्तुगीज काळातल्या विवाहविषयक फर्मानाने तसं ठरवलं आणि मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, त्यात हेही राहिलं. त्यामुळे नागरी निबंधकाच्या पुस्तकात साक्षीदारांसह दुसरी सही पडते तेव्हा लग्न होतं. पहिली सही म्हणजे ‘आम्ही लग्न करू इच्छितो’ एवढंच निवेदन. त्यानंतर कचेरीच्या फलकावर तुमची नावं, आईवडिलांची नावं, गाव असा कागद लागतो आणि कुणाची कायदेशीर हरकत असेल तर ती मागवली जाते. ती मुदत उलटली की दुसरी सही. मधल्या काळात भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, होम झाला, सप्तपदी झाली, हजार माणसं जेवली, तरी कायद्याच्या लेखी तुम्ही दोघं अविवाहितच. (कॅथलिक कुटुंबांसाठी चर्चमधल्या लग्नाची वेगळी सोय आहे, ती तुम्हाला लागू नाही.)

हे मी कळकळीने लिहितो आहे, कारण या एका चुकीची किंमत गोव्यात आजवर बायकांनीच मोजली आहे. पहिली सही झाली, थाटात लग्न लागलं, दुसरी सही राहून गेली. पुढे नवरा वारला किंवा त्याने घराबाहेर काढलं की बाई वकिलाकडे येते, आणि तिच्या हातात लग्नाचे फोटो असतात, नोंद नसते. मालमत्तेतला अर्धा हिस्सा, पेन्शन, पत्नी म्हणून पोटगी, सगळं त्या एका नोंदीवर अडतं. नवऱ्याने दुसरीकडे जाऊन दुसऱ्या बाईबरोबर दोन्ही सह्या केल्या, तर कागदावर बायको ती ठरते. घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याचं थोडं संरक्षण मिळतं, कारण तो लग्नासारख्या नात्यालाही धरतो, पण ते थोडंच. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण माणूस चांगला असला तरी घाटरस्त्यावर अपघात होतो आणि मग प्रश्न सासू, दीर, बँक आणि विमा कंपनी यांच्याशी येतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे आणि तो जागेचा आहे. चोर्ला घाटाच्या माथ्यावर गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. सत्तरीतलं सुर्ला गोव्यात, चोर्ला गाव खानापूर तालुक्यात, आणि खाली दुसऱ्या अंगाला दोडामार्ग. डोळ्यांना ते एकच पठार दिसतं. कायदा मात्र हद्द ओलांडली की उलटा होतो. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा आहे. तिथं विधी म्हणजे लग्न, आणि सप्तपदी हा विधीचा भाग असेल तर सातवं पाऊल पडताक्षणी लग्न पूर्ण होतं. नोंदणी हा तिथं पुरावा आहे, ती नसली म्हणून लग्न रद्द होत नाही. उलट विधीच केला नाही आणि नुसतं प्रमाणपत्र काढलं, तर ते लग्नच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. गोव्यात नेमकं उलट: नोंद असेल तर लग्न, विधी तुमच्या श्रद्धेचा. भटजी बेळगावकडचे असतील तर त्यांचा दाखल्याचा भरवसा तिथल्या सवयीने आला असेल. गोव्याच्या कचेरीत तो दाखला लग्नाचा पुरावा म्हणून चालणार नाही.

आता समजा तुम्ही नकळत हद्दीपलीकडे सप्तपदी घातलीत आणि दोन महिन्यांनी गोव्यात दुसरी सही केलीत. लग्न कुठल्या तारखेचं? कुठल्या कायद्याखालचं? आज हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, पण मालमत्तेच्या वाटणीत वकील यावर दिवसचे दिवस बोलतील. म्हणून जागेचा सर्व्हे क्रमांक पाहा. गोव्याच्या बाजूला असेल तर एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा मिळेल, कर्नाटकात असेल तर तिथला उतारा.

यावर माझा उपाय सोपा आहे. आधी दुसरी सही, मग डोंगर. मुहूर्ताच्या आठवडाभर आधी कचेरीत जाऊन दुसरी सही करा, प्रमाणपत्राच्या दोन प्रती घ्या आणि मग हव्या त्या माथ्यावर हवा तो विधी करा. एकदा गोव्यात नोंद झाली की पुढचा विधी हद्दीच्या अलीकडे झाला काय किंवा पलीकडे, वादाला जागा उरत नाही. एवढं लक्षात ठेवा की पासपोर्ट, व्हिसा, नॉमिनी अशा प्रत्येक अर्जात लग्नाची तारीख कचेरीतली लिहायची. लग्नाचा वाढदिवस खुशाल मुहूर्ताच्या दिवशी साजरा करा.

आणि दुसऱ्या सहीच्याही आधी एक काम आहे. त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी ते सोडणार नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि दोघांचा त्यात निम्मा-निम्मा वाटा असतो. यात लग्नाआधीचं आणि पुढे वारशाने येणारंही धरलं जातं. म्हणून तर इथल्या विक्रीखताची पहिली तीन पानं नुसती नावांनी भरतात: भाऊ, भावाची बायको, बहीण, बहिणीचा नवरा, वारलेल्या भावाची मुलं आणि त्यांच्या बायका. जावयाची सही नसली की व्यवहार अडतो. मुलाचा बेळगावचा फ्लॅट आणि त्यावरचं कर्ज, तुमच्या वडिलांच्या बागायतीतला तुमचा उद्याचा हिस्सा, हे सगळं या प्रश्नात येतं. गोमंतकीय अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही वारशाच्या बाबतीत गोव्याचाच कायदा लागतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. पण मुलगा मुळात कर्नाटकातला, त्यामुळे तुमच्या जोडीला नेमकी कुठली पद्धत लागू, यावर उद्या दोन्ही बाजूंनी बोलता येईल. ते बोलणं आजच मिटवा. सामाईक ठेवायचं की वेगळं, हे दोघांनी बसून ठरवा आणि लग्नपूर्व करार विशेष नोटरीसमोर, म्हणजे गोव्यात उपनिबंधकांच्या कचेरीत, रीतसर खत करून नोंदवा. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या नोटरीचा शिक्का असलेला स्टँप पेपर इथं चालत नाही. हा करार लग्नाआधीच करायचा असतो, म्हणून क्रम असा: करार, दुसरी सही, डोंगर. माझं मत विचाराल तर सामाईक पद्धत बायकोला सहसा फायद्याची असते. लाज वाटते किंवा संशय दिसेल म्हणून हा विषय टाळू नका. बेळगावच्या मंडळींना ही पद्धत नवी असेल, त्यांना आधीच समजावून सांगा.

काकांच्या हरकतीचं म्हणाल तर ती टिकणारी नाही. कुणी आधीच विवाहित आहे, वय कमी आहे, निषिद्ध नातं आहे, संमती जबरदस्तीची आहे, असं काही असेल तर कचेरी ऐकते. हॉल घेतला नाही, देवळात लागलं नाही, भावकीला बोलावलं नाही, जात जुळत नाही, ही कारणं कायद्यात नाहीत. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांशी लग्न करायला घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठामपणे सांगितलं आहे. तुमच्याकडे तर आईवडीलही बरोबर आहेत.

आता जागा. सुर्लाच्या आसपासचा बराच भाग म्हादई अभयारण्यात येतो. ते १९९९ मध्ये जाहीर झालं आणि २०८ चौरस किलोमीटरचं आहे. तुमची जागा खासगी असली तरी ती अभयारण्याच्या हद्दीत आहे का, हे वन खात्याकडून लेखी विचारून घ्या. असेल तर प्रवेशापासूनच परवाना लागेल. मला सगळ्यात जास्त काळजी होमाची आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि मार्चमध्ये माथ्यावरचं गवत वाळून करकरीत झालेलं असतं. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात किती ठिकाणी आगी लागल्या, हे तुम्ही डिचोलीत बसून पाहिलं असेल. होम डिचोलीच्या घरच्या अंगणात आदल्या संध्याकाळी करा आणि माथ्यावर फक्त अंतरपाट, मंगलाष्टकं, माळा ठेवा. भटजींशी बोलून पाहा, ते वाट काढतील. फटाके आणि ड्रोन मनातूनच काढा.

जागेच्या मालकाची परवानगी तोंडी नको, चिठ्ठीवर घ्या. सत्तरीत कसणारा एक, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, असं फार ठिकाणी आहे, आणि एकत्र कुटुंबाच्या जमिनीत एखादा नाराज भागीदार नेमका त्याच सकाळी येऊन उभा राहू शकतो. उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत, त्यांच्यापैकी जितक्यांच्या सह्या मिळतील तितक्या घ्या.

कागदांचं म्हणाल तर दोघांचे जन्मदाखले, तुमचा पंचायतीचा रहिवासी दाखला, मुलाचा राहण्याचा पुरावा आणि तो अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र तुम्ही पहिल्या सहीच्या वेळी दिलंच असेल. तरी दुसऱ्या सहीची तारीख ठरवायला जाल तेव्हा आणखी काय आणायचं ते कर्मचाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या. दोन साक्षीदार लागतील आणि त्यांची ओळखपत्रं. त्यातली एक जागा धाकट्या काकांना देऊन पाहा. लग्न खऱ्या अर्थाने लागणार ते कचेरीतल्या त्या टेबलावर, आणि तिथं घरातल्या मोठ्या माणसाची सही असावी असं त्यांना नीट समजावलंत, तर हरकतीचा अर्ज लिहायला बसलेला माणूस पेन घेऊन तुमच्याबरोबर येईल, अशी मला आशा आहे. नाही आले तर आत्या किंवा मामा चालतील. तारीख मात्र पुढे ढकलू नका.