हद्दपारीतून मायदेशी परतणाऱ्या मुलावरचा, वयात येण्याचा एखादा चांगला सिनेमा सुचवाल का? आम्ही परदेशातून नाशिकला परत येतोय, मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि म्हणतो "परत तुम्ही चाललाय, मी नाही"

तुमच्या मुलाचं ते वाक्य वाचलं आणि लगेच एकच नाव आठवलं, 'इन्फान्सिया क्लान्देस्तिना', इंग्रजीत शोधायचा तर 'क्लँडेस्टाइन चाइल्डहूड'. अर्जेंटिनाचा सिनेमा आहे, २०११ चा, दिग्दर्शक बेंजामिन आविला. परतण्यावरचे सिनेमे खूप आहेत हो, पण बहुतेकांत परतणारा मोठा माणूस असतो, तो जुनं घर बघतो, जुनं झाड बघतो, डोळे भरून येतात वगैरे. इथे परतणारा पोरगा बारा-एक वर्षांचा आहे आणि त्याला त्या देशातलं जवळपास काहीच आठवत नाही, म्हणजे परत येतायत ते आईबाप, तो फक्त त्यांच्याबरोबर आलाय.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर पहिली पंधरा मिनिटं कोण कुणाला का घाबरतंय तेच कळत नाही. मार्च १९७६ मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली ती १९८३ पर्यंत सोडली नाही. लोकांना घरातून उचलायचे आणि पुढे पत्ताच नाही, तिथल्या मानवी हक्कवाल्या संघटना बेपत्ता लोकांचा आकडा ३०,००० सांगतात. मोंतोनेरोस म्हणून माजी राष्ट्राध्यक्ष पेरॉनला मानणाऱ्यांची एक सशस्त्र संघटना होती, तिचे जे वाचले ते मेक्सिको, क्युबा, स्पेन असे पांगले. मग १९७९ मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांनी बाहेर बसून ठरवलं की आता परत जायचं आणि आतून प्रतिहल्ला करायचा. जे गेले त्यातले बरेच पकडले गेले, मारले गेले. काहींनी मुलं मागे क्युबात, हवानातच ठेवली होती, तिथे या मुलांसाठी एक पाळणाघरच काढलं होतं. सिनेमातले आईबाप मात्र पोरं बरोबर घेऊन येतात, मुलगा हुआन आणि तान्ही बहीण, आणि माझ्या मते सगळा सिनेमा याच एका निर्णयावर उभा आहे.

हुआनला खोटा पासपोर्ट मिळतो, नाव अर्नेस्तो (चे गव्हेराचं खरं नाव, आईबाप कसे असतील बघा), वाढदिवसही खोटा, आणि गाव अर्जेंटिनातलं कोर्दोबा. एवढी वर्षं क्युबात काढलेल्या पोराने आता कोर्दोबाचा असल्यासारखं बोलायचं. शाळेत खोट्या तारखेला वाढदिवस साजरा होतो आणि तो नुसता बघत राहतो. एकदा शाळेत झेंडा चढवायचा मान त्याला मिळतो तर तो नाही म्हणतो, कारण घरी शिकवलंय की सूर्य असलेला तो झेंडा लष्करवाल्यांचा, मग त्यावरून एका पोराशी मारामारी. म्हणजे ज्या देशासाठी आईबाप जीव द्यायला आलेत त्याच देशाच्या झेंड्यापाशी हा पोरगा अडकतो. मला हा सीन फार आवडतो कारण त्यात कुणी भाषण देत नाही.

आता तुम्ही म्हणाल आम्ही काही क्रांतिकारक नाही, आयटीवाले आहोत. मान्य. पण माझ्या मावसभावाचा मुलगा आठवीत असताना मस्कतहून इथे आला, तो तिथेच वाढलेला, घरी मराठी बोलायचे पण पुस्तकासारखं. गंगापूर रोडला रिक्षातून उतरला की म्हणायचा "काका, मनःपूर्वक धन्यवाद", रिक्षावाला वळून बघायचा की हा टिंगल करतोय का काय. वर्गातल्या पोरांनी तर त्याचं नावच मनःपूर्वक ठेवलं. सहा महिन्यांत तो आमच्या पोरांसारखा "काय भो" करायला लागला आणि घरचे खूष, म्हणे रुळला. मला तसं वाटलं नाही, तो घरी एक आणि बाहेर एक असा दोन माणसं झाला होता, आणि त्याबद्दल कुणी त्याला काही विचारलंही नाही कारण सगळ्यांच्या मते तो "आपल्या घरी" आला होता ना.

आमच्या नाशकात वनवास म्हटलं की लोक लगेच पंचवटी, सीतागुंफा, काळाराम असं सुरू होतात, पाहुणे आले की तुम्हालाही हे सगळं फिरवावं लागणारच आहे. पण राम वनवासाला गेला तेव्हा मोठा होता, अयोध्या त्याला माहीत होती, परत गेला तो आपल्याच घरी. या सिनेमाच्या जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट लवकुशांची. वनात जन्मले, अयोध्या कधी पाहिली नाही, बापाचीच गोष्ट बापासमोर गाऊन दाखवतात आणि समोर बसलाय तो आपला बाप आहे हे त्यांना माहीत नाही. त्या दोघांना तिथे पोचल्यावर घरी आल्यासारखं वाटलं का, हे कीर्तनात कुणी विचारत नाही. आविलाचा सिनेमा एवढंच विचारतो.

परत सिनेमाकडे येतो. सगळ्यात भारी पात्र म्हणजे काका, बेतो, अर्नेस्तो अल्तेरिओ या नटाने केलाय. कुटुंबाचा वरवरचा धंदा चॉकलेट लावलेल्या शेंगदाण्यांचा, त्याच खोक्यांच्या आडून बाकीचा माल फिरतो. पोराला वर्गातली मारिया आवडायला लागते तेव्हा हा काका त्याला तेच शेंगदाणे हातात देऊन प्रेम म्हणजे काय ते समजावतो, घाई न करता चव कशी घ्यायची वगैरे. बाप कायम मोहिमेत, आई ताणाखाली, पोराशी पोरासारखं बोलणारा हा एकटाच. असा एक काका किंवा मामा तुमच्या मुलाला इथे मिळाला तर निम्मं काम झालं असं समजा, आणि तो काका तुम्ही स्वतः होऊ शकत नाही, कारण तुम्ही बाप आहात.

दुसरा सीन आजीचा. नातवाच्या वाढदिवसाला आजीला घरी आणतात पण डोळे बांधून, कारण पत्ता तिला कळला तर उद्या तिलाच धोका. केक वगैरे होतो आणि मग स्वयंपाकघरात मायलेकींचं कडाक्याचं भांडण. आजी म्हणते पोरं माझ्याकडे दे, तुम्हाला मरायचं तर मरा. आई म्हणते माझी मुलं माझ्याबरोबरच राहणार. नातालिया ओरेइरो आणि क्रिस्तिना बानेगास, दोघींनी कमाल केलीय, आणि बघताना दर दोन मिनिटांनी तुमची बाजू बदलते. हे बघताना मला येसूवहिनी आठवल्या, बाबाराव सावरकरांच्या पत्नी. नवरा काळ्या पाण्यावर, आणि १९१९ मध्ये त्या गेल्या, बाबाराव अंदमानातून आले १९२१ मध्ये. आपल्याकडे कोण गेला आणि कधी परत आला हे पाठ असतं, घरी कोण थांबलं होतं ते विचारावं लागतं.

खटकलं काय तर मारियाबरोबरचा मधला भाग जरा जास्तच गोड झालाय, स्लो मोशन, पडद्यावर ऊन, तेवढं पाच-सात मिनिटं कमी चाललं असतं. पण तरी तो भाग लागतो, कारण पोराच्या मनात पळून जायचं येतं ते याच मुलीबरोबर, आणि क्रांती सोडून साधं जगावं असं वाटणं या घरात गुन्ह्यासारखंच आहे. आणि हे सगळं हवेतलं नाहीये, आविलाची स्वतःची आई १९७९ मध्ये बेपत्ता झाली. म्हणूनच असेल, तो आईबापांना हिरोही करत नाही आणि शिव्याही घालत नाही. पोरावर प्रेम करणारी पण त्याला न विचारता सगळं ठरवणारी माणसं, एवढंच.

अजून हवे असतील तर फ्लाविया कास्त्रोचा 'देसलेंब्रो', २०१८ चा, ब्राझीलमध्ये १९७९ ला माफीचा कायदा झाल्यावर पॅरिसमध्ये वाढलेली मुलगी रिओला येते, तिला अजिबात यायचं नसतं. तुमच्या मुलाचा मूड बघता कदाचित त्याला हाच जास्त पटेल, पण संथ आहे, तेरा वर्षांचं पोर मोबाईल काढेल. मार्जान सत्रापीचा 'पर्सेपोलिस' (२००७) अॅनिमेशन आहे, व्हिएन्नाहून तेहरानला परतलेली मुलगी, विनोदीपण आहे, सुरुवात यानेही करू शकता. फक्त ती शेवटी परत देश सोडून जाते, तेव्हा मुलगा तुमच्याकडे कसा बघेल ते तुमचं तुम्ही बघा.

तेरा वर्षांच्या मुलाला दाखवावा का, तर हो, पण शेजारी बसून. गोळीबाराचे मुख्य प्रसंग चित्रांमधून दाखवलेत, कॉमिक्ससारखे, त्यामुळे रक्त अंगावर येत नाही. शेवटाकडे पोराची चौकशी होते तो भाग मात्र जड आहे, तिथे उठून चहा करायला जाऊ नका. आणि संपल्यावर लगेच "काय शिकलास" विचारू नका प्लीज, जेवायला बसा, आजीबरोबरच्या भांडणात आईचं बरोबर होतं की आजीचं हा विषय तो स्वतःच काढेल, आमच्याकडे तरी काढला होता.